आईच्या रक्ताचा आकडा

मी अकरावीत होते. आई चादरीच्या कारखान्यात रंगीत सुताच्या कांड्या भरायची. एक दिवस कामावरच तिला भोवळ आली, म्हणून बरोबरच्या बायकांनी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं रक्त तपासायला घेतलं. दुसऱ्या दिवशी कागद आणायला मी तिच्यासोबत गेले.

डॉक्टरांनी कागदावर नजर टाकली, गोळ्या लिहिल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. आई उठलीच नाही.

"कागदात काय लिवलंय?"

"तुम्हाला काय कळणार त्यातलं, बाई? गोळ्या घ्या."

"रक्त माजं हाय की. मला कळाय पायजे."

मागची रांग कुरकुरायला लागली. मला लाज वाटली, मी तिचा पदर ओढला. तिनं माझा हात झटकला. शेवटी डॉक्टर वैतागून म्हणाले, "तपासणीच्या खोलीत जाऊन विचारा."

त्या खोलीतला माणूस वयस्कर होता, नीट समजावून सांगणारा. त्यानं एक बारीक काचेची नळी दाखवली. रक्तात औषध घातलं की ते तपकिरी होतं. मग शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळेपर्यंत थेंबथेंब पाणी घालायचं. "तुमच्या हिमोग्लोबिनचा आकडा सात. बाईमाणसाला बारा तरी पाहिजे."

आईचं आयुष्य रंगीत सुतात गेलेलं. तिला लगेच उमगलं. "म्हंजे थोड्याच पाण्यात जुळला. मुळातच फिका हाय."

"बरोबर. पोटभर जेवता का?"

आमच्याकडं ती सगळ्यांच्या शेवटी जेवायची. तोवर पातेल्यात आमटीचं पाणी तेवढं उरलेलं असायचं.

त्या संध्याकाळी तिनं ताट वाढून घेतलं आणि थेट वडिलांच्या शेजारी बसली. आमच्याकडं राहणारी आत्या चपापली. "आदी गडीमाणसं जेवू देत की. ही कुटली रीत?"

"आजपासनंची. सात हाय मी."

आत्याला काही कळलं नाही. वडिलांनी मेथीच्या भाजीचं पातेलं आईकडं सरकवलं.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, "छान सुधारणा आहे."

"छान ऱ्हाऊ द्या. आकडा सांगा."

"दहा."

"मग अजून दोन कमी हायत," आई म्हणाली आणि गोळ्यांची चिठ्ठी हातात पडेपर्यंत स्टुलावरून हलली नाही. या वेळी मी तिचा पदर ओढला नाही. रांगेकडं पाठ करून तिच्या शेजारी उभी राहिले.