बोर्डाची वायर

आमच्या गावातलं दूध संकलन केंद्र आई चालवते. पलूसकडून गावात शिरलं की डाव्या हाताची पहिलीच खोली. मी सांगलीत इलेक्ट्रॉनिक्स शिकते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. त्यामुळे केंद्रात काही बिघडलं की सगळे माझ्याकडे बघतात, आणि मला बहुतेक वेळा काहीच सुचत नाही.

खिडकीवर लाल आकड्यांचा बोर्ड आहे. दूध किती भरलं आणि फॅट किती लागली, हे बाहेरच्या रांगेला त्यावर दिसतं. पूर्वी दोन बोर्ड होते. एक बंद पडल्यापासून आई उरलेल्या बोर्डाची वायर आधी वजनकाट्याला लावायची, मग ओढून फॅटच्या मशीनला. प्रत्येक किटलीला तेच, आणि सगळं चालू असताना. वायर पटकन निघावी म्हणून प्लगचे स्क्रू तिनं कधीच काढून डब्यात टाकले होते.

दिवाळीच्या सुट्टीत मी ते पहिल्यांदा नीट पाहिलं. वायर लागताना बोर्डावर क्षणभर सगळीकडे आठच आठ दिसायचे. कॉलेजच्या लॅबमध्ये आमचे सर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात: आधी बंद, मग हात. चालू यंत्रात प्लग तिरका शिरला तर नको ती पिन आधी टेकते आणि झटका आतल्या चिपपर्यंत जातो. चिप लगेच जळतेच असं नाही. कधी नुसती कमजोर होते, चालत राहते आणि ऐन वेळी दगा देते.

मी आईला चाचरतच सांगितलं. ती म्हणाली, मशीन बंद केलं की परत गरम व्हायला वेळ लागतो, तोवर लोकांनी किटल्या घेऊन उभं राहायचं का? रांगेत आमच्या भावकीतले तात्या होते. "पोरगी शिकली. आता सकाळचं दूध दुपारी घालायचं," ते म्हणाले. सगळे हसले. मीही हसले.

त्याच संध्याकाळी वायर बदलताना बोर्ड विझला. पुढं उभ्या असलेल्या आजींनी किटली मागं ओढली. आईनं आतून आकडा वाचून दाखवला, तरी त्या ऐकेनात. "आकडा दिसल्याबिगर मी दूध घालणार न्हाई."

आईचा चेहरा उतरला. आधीच्या केंद्राच्या आकड्यांवर लोकांचा विश्वास उडाला होता, म्हणून तर गावानं तिला इथं बसवलं होतं. बोर्ड बंद करून परत लावला तर तो चालू झाला. "बघ, झाला की," आई म्हणाली. मला त्याचीच भीती वाटत होती. तो चालू झाला, म्हणजे वायर पुन्हा ओढली जाणार.

रांग संपल्यावर मी तिथंच बसून राहिले. काट्याला स्वतःचे आकडे होते, पण त्यांचं तोंड आईकडे. तो खिडकीकडे फिरवला तर बोर्डाची वायर कायम फॅटच्या मशीनलाच ठेवता येणार होती.

"मग मला वजन कसं दिसायचं?" मी तसं सुचवल्यावर आईनं विचारलं.

"लोक वाचून सांगतील."

"आणि कुणी वाढवून सांगितलं तर?"

याचं उत्तर कॉलेजात शिकवलेलं नव्हतं. "मागचा माणूस बघत असतो की," मी म्हणाले. मग पुढचंही बोलून टाकलं. "आई, चालू मशीनची वायर आता कुणी काढायची न्हाई. मी बी न्हाई."

आई उठली. मग डब्यातले स्क्रू शोधायला लागली. आम्ही सगळं बंद केलं, वायर मशीनला लावून स्क्रू आवळले, काटा फिरवला आणि पाण्याची किटली ठेवून वजन तपासलं.

सकाळी तात्यांनी काट्यावरचं वजन वाचलं, "साडेआठ."

मागून त्याच आजी म्हणाल्या, "आवं, चष्मा लावा. आठ पॉइंट तीन हाय."

तात्यांनी वाकून पाहिलं. "हाय खरं. ह्या पोरीनं आमाला बी शाळंत बसीवलं." आईनं आठ पॉइंट तीन टाकलं.

बोर्डाला आधी बसलेले झटके काढून टाकता येत नाहीत. तो कधी जाईल, मला सांगता येणार नाही. नवा झटका बसू द्यायचा नाही, एवढं मात्र आमच्या हातात आहे. सांगलीहून फोन केला की मी अजूनही आधी वायरीचं विचारते.

"हाय तिथंच हाय," आई म्हणते. "काढायची झाली तर आधी बंद करीन. तू जेवलीस का?"