आईच्या वांगाबद्दल मी चुकीचं लिहिलं

मागच्या आठवड्यात मी इथे लिहिलं होतं, मेडिकलमधून आणलेल्या क्रीमने आईच्या गालांवरचे वांगाचे डाग गेले. ते चुकीचं होतं. माझं वाचून कुणी ते आणलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

आज दुपारी आई नांदे गावच्या रानातून आली, तेव्हा दोन्ही गाल लालभडक झाले होते आणि डाग पहिल्यापेक्षा काळे. मी रात्री लावायला सांगितलेलं क्रीम ती सकाळीही थापून उन्हात खुरपायला जात होती.

"आई, दोनदा कशाला लावलंस?"

"रविवारी तुला बघायला पाव्हणं येनार हायेत. माजं त्वांड बघून म्हनतील, पोरीलाबी उद्या असंच व्हनार."

मी क्रीमची डबी उघडून आतला कागद काढला. ज्या आईने मला घरी बसवून अक्षरं शिकवली, तिच्यासाठी मी डबीतला कागदही वाचला नव्हता. उन्हात जाऊ नका, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

तुमच्याही आया आपल्या चेहऱ्याची अशी धास्ती घेतात का?

रविवारी येऊ नका, असं पाहुण्यांना कळवलंय. परवा, गुरुवारी सकाळी, आईला पुण्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेणार आहे.