पुढचं पोटलं

उशी असो, गादी असो, नाहीतर कापडाचं गाठोडं, आधी मुठीनं दाबून बघायचं आणि समोरच्याला विचारायचं, "मऊ शे ना?" नवागामच्या आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत राहणाऱ्या त्या माणसाची ही सवय. आपण "हो भाऊ, मऊ आहे" म्हटल्याशिवाय तो जागचा हलत नसे.

धुळ्याकडून इकडं गुजरातेत आलेला. बमरोलीच्या मागांवरचं कापड मोटारसायकलवरून बाजारात पोचवायचा. ताग्यांचं गाठोडं, आमच्याकडे त्याला पोटलं म्हणतात, पेट्रोलच्या टाकीवर, अगदी पोटाशी बांधलेलं असायचं. एकदा बैल आडवा आला. गाडी चेपली, पण ह्याची छाती पोटल्यावर आपटली. उठला, चहा प्यायला आणि कामावर गेला. तेव्हापासून पुढं मऊ असलं की माणूस वाचतो, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

मग काय, सुट्टीला बायकोला घेऊन निघाला तरी पुढं चिंध्यांचं पोटलं. आम्ही बायका दारात साड्यांचे धागे कापत बसलेल्या असायचो. मी म्हणायचे, "भाऊ, सासरवाडीला चिंध्यांचा आहेर का?" तोही हसायचा, पण गाठ सोडायचा नाही.

त्याला धास्ती होती ती मागं बसणाऱ्या वहिनींची. त्यांच्या मागं मऊ काहीच नव्हतं. "दोन्हीकडे पाय टाकीसन बस," तो विनवायचा. "माले लाज वाटस. लोके हासतीन," म्हणत त्या एका बाजूलाच बसायच्या, एका हातानं पदर सावरत. शेवटी त्यानं हेल्मेट आणलं, स्वतःला नव्हे, त्यांना. ते अंबाड्यावर बसेना, म्हणून वहिनींनी मांडीवर घेतलं. येताना त्यात भाजी असायची. तुम्हीही अशी हेल्मेटं पाहिली असतील.

त्या दिवशी नात्यातलं लग्न होतं. मांडीवरच्या हेल्मेटात ओटीचा नारळ आणि खण. वळणावर एका टेम्पोनं बाजूनं धडक दिली. तो पोटल्यासकट पडला, कोपर तेवढं सोललं. वहिनी मागच्या मागं रस्त्यावर आपटल्या, डोक्यावर. हेल्मेट कडेला घरंगळलं. कुणा भल्या माणसानं नारळ पुन्हा त्यात ठेवून दवाखान्यात आणून दिला. नारळाला तडासुद्धा गेला नव्हता.

मी पोचले तेव्हा तो खाटेशी उभा राहून वहिनींच्या उशीत मूठ दाबत होता. येईल त्या नर्सला विचारत होता, "मऊ शे ना?" एक गुजराती बाई थांबून तिच्या भाषेत मऊ आहे म्हणाली, "हा भाई, पोचुं छे." तेवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. तो माझ्याकडे वळला. "ताई, तिले हाक मार ना. तुनं ऐकस ती." मी घसा सुकेपर्यंत हाका मारल्या. पापणी हलली नाही.

मग त्यानं ते हेल्मेट उचललं, नारळ माझ्या हातात दिला आणि वहिनींचं डोकं अलगद उचलायला गेला. नर्सनं हात धरला. "घालू दे ना," तो रडत होता. "आते तिले लाज नही वाटस." मला तिथं उभं राहवेना. राग येत होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

वहिनी गेल्या. गावी दिवस उरकून तो परत आला, पोटासाठी यावंच लागलं. पुढं एकदा भर दुपारी बमरोलीच्या रस्त्यावर दिसला. मोटारसायकल हातानं ढकलत चालला होता. पुढं टाकीवर काहीच बांधलेलं नव्हतं. पोटलं मागच्या सीटवर, वहिनी बसायच्या तिथं, दोऱ्यांनी घट्ट आवळलेलं.

"भाऊ, गाडी बिघडली का?"

"नही ताई, चालू शे."

मागच्या पोटल्यावर त्यानं मूठ दाबली. विचारलं मात्र काहीच नाही.

"मऊ आहे, भाऊ," मी आपण होऊन म्हटलं.

तो माझ्याकडे न बघता गाडी ढकलत पुढं गेला.