नथीला नाक लागतं

"काढ ती नथ. आधी काढ."

मालक ओरडले तेव्हा दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. ठाण्याच्या नौपाड्यातलं दागिन्यांचं दुकान, नव्वद-एक्याण्णव साल. मी मागच्या खोलीत बसून नथी ओवायची. बारीक तारेत मोती, मध्ये लाल खडा. चार वर्षं तेच काम. बाहेर काउंटरवर एक गोरी मुलगी होती, ती चापाची नथ स्वतःच्या नाकाला लावून गिऱ्हाइकांना दाखवायची. त्या दिवशी ती आली नव्हती. एका बाईंना लेकीच्या लग्नासाठी नथ बघायची होती. मीच ओवलेली नथ. लावली आणि समोर जाऊन उभी राहिले.

मालक म्हणाले, "नथीला नाक लागतं. हे बसकं नाक बघून माल कोण घेणार? तुमच्यात नथ असते तरी का?"

बाई हसल्या. मी नथ काढली आणि वर "सॉरी" म्हणाले. त्या सॉरीचा मला अजून राग येतो. मालकांपेक्षा जास्त.

तुमच्यात. हा शब्द मी शाळेपासून ओळखते. आम्ही बौद्ध, कल्याणच्या चाळीत राहणारे. सहावीत गॅदरिंगच्या नाटकातले राणीचे सगळे संवाद मला तोंडपाठ होते. बाईंनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "पाठांतर छान आहे गं. पण राणीचं नाक कसं चाफेकळी हवं. तुमच्यात तशी नाकं नसतात. तू दासी हो." झाले दासी. स्टेजवर राणी अडली की मीच वारा घालता घालता तिला वाक्यं पुरवत होते. टाळ्या राणीला. मधल्या सुट्टीत पोरी माझ्याभोवती "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं" म्हणत नाचायच्या. बाई वर्गाच्या दारातून बघायच्या.

दुकानातल्या त्या प्रकारानंतर मी ठरवलं, नाकच बदलायचं. घरात कुणाला न सांगता ठाण्यातल्याच एका प्लास्टिक सर्जनकडे गेले.

डॉक्टर सभ्य माणूस होता. सगळं नीट समजावून सांगितलं. बरगडीजवळचं मऊ हाड काढून नाकात घालायचं. पूर्ण भूल. दोन दिवस नाकात बोळे, श्वास तोंडाने. आठवडाभर प्लास्टर. डोळ्यांखाली काळंनिळं होणार, घाबरायचं नाही. सूज पुरती उतरायला वर्ष जातं. मनासारखं होईलच याची खात्री नाही, कधी पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. मी मान डोलवत होते. सगळं सोसायला तयार होते मी! छाती कापून घ्यायला तयार होते, एक नथ शोभावी म्हणून.

"श्वास नीट येतो?"

"येतो."

"वास कळतो?"

"कळतो."

"म्हणजे दोष काही नाही. हौस आहे."

मग त्याने पेनाने माझ्या नाकावर रेघ मारली, आरसा हातात दिला आणि धीर देत म्हणाला, "तुमच्यात सगळ्यांचं असंच असतं ना? काळजी करू नकोस. नंतर काही कळणार नाही."

"काय कळणार नाही?" मी विचारलं.

त्याने पेनाला टोपण लावलं आणि ऑपरेशनची तारीख सांगितली. त्यालाही माहीत होतं, मलाही.

ती रेघ घेऊन घरी आले. माझं नाक आईवर गेलंय, अगदी तसंच. तिने विचारलं, मी सांगून टाकलं. तिने पदराचं टोक ओलं केलं आणि माझं नाक खसाखसा पुसायला लागली. "आजवर आपल्या घरात कुणाचं नाक कापलं गेलं नाही. आणि तू हौसेनं जाऊन कापून घेणार होय गं?"

शाई गेली तरी ती पुसतच होती. नाक लाल झालं. मला लाज वाटली, नाकाची नाही, माझी.

डॉक्टरने दिलेल्या तारखेला मी दुकानात होते. मागच्या खोलीतून उठले, नथ लावली, काउंटरवर जाऊन उभी राहिले.

"एकदा सांगितलेलं कळत नाही?" मालक म्हणाले.

"ही नथ मी ओवलीय. ओवायला माझे हात चालतात, तर दाखवायला माझं नाकही चालेल. नाहीतर उद्यापासून काउंटरवरच्या तुमच्या चाफेकळीकडूनच ओवून घ्या."

त्यांनी दाराकडे बोट केलं. मी नथ ट्रेमध्ये ठेवली आणि बाहेर पडले. सॉरी म्हणाले नाही.

त्याला आठ-नऊ वर्षं झाली. आता कल्याणला घरीच नथी ओवून विकते. गिऱ्हाईक आलं की आधी स्वतः लावून दाखवते. काही बायका माझ्या नाकाकडे बघतात, मग आडनाव विचारतात. मी स्पष्ट सांगते. काही परत येत नाहीत. न येईनात का! काही कळणार नाही म्हणे. का कळू नये? कळू दे.

माझ्या लेकीचं नाक माझ्यावर गेलंय. यंदा ती शाळेत जाईल. तिला कुणी दासी हो म्हणालं, तर मी त्या शाळेत जाणार आहे. नथ घालून.