पारदर्शक पन्नीतली गोधडी

परत आलेलं पार्सल आधी हातावर तोलायचं आणि मगच उघडायचं, हे मला एका विटेनं शिकवलं. नांदेडला घराच्या पुढच्या खोलीत मी गोधड्या शिवायचं काम सुरू केलं आणि मोबाइलवरून ऑर्डरी घ्यायला लागले, त्या पहिल्याच वर्षातली गोष्ट. एक गोधडी कोणी सोडवून घेतली नाही म्हणून परत आली. उघडून बघते तर आत एक वीट, आणि तिच्याभोवती कोणाची तरी फाटकी बनियन. मी अर्धा तास नुसती त्या विटेकडं बघत बसले. माझ्याकडं टाके घालायला येणाऱ्या खाला म्हणाल्या, "ठेवून द्या बाई, मकान बांधायला कामी येईल." मला काही हसू आलं नाही. माझा राग असा आहे की आला की आधी बोलता येत नाही आणि मग थांबता येत नाही. कुरिअरच्या ऑफिसात जाऊन मी एवढी बोलले, की तिथला मॅनेजर मी दिसले की अजूनही आधी चहा सांगतो.

तेव्हापासून मी पद्धतच बदलली. खाकी कागद बंद केला आणि जाड, आरपार दिसणारी पन्नी आणली. घडी अशी घालायची की गोधडीतला सगळ्यात ओळखीचा तुकडा वर आला पाहिजे, आणि चिकटपट्टीवर माझी सही. आत काय आहे ते पाठवणाऱ्यालाही दिसतं, घेणाऱ्यालाही दिसतं, मधल्या हातांनाही दिसतं. मग कोण कशाला वीट भरतोय? ही अक्कल माझी स्वतःची होती आणि मला तिचा लई अभिमान होता.

तरी पार्सलं परत यायची ती यायचीच. त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी फोन लावते. का घेतली नाही, ते मला तोंडानं ऐकायचं असतं. कोणी म्हणतं गावाला गेलो होतो, कोणी म्हणतं नवऱ्यानं मागवली होती पण आता आमचं बोलणं बंद आहे. विष्णुपुरीच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यानं चार वेळा मागवून चार वेळा परत केली. फोन लावला तर म्हणाला, "काकू, आमच्या रूमचा पत्ता कुरिअरवाल्याला सापडतो का, ते बघून राहिलो होतो." खाला म्हणायच्या, तुमचा फोन म्हणजे कोर्टाचा समन्स.

मग लातूरच्या ऑर्डरी सुरू झाल्या. कंधारपासून जळकोटपर्यंत ज्याचं लेकरू दहावीला बरे मार्क घेतं ते लातूरला जातं, दोन वर्षं क्लास, हॉस्टेल, मेस आणि शेवटी ती डॉक्टरकीची परीक्षा. आया मला आपल्या जुन्या साड्या पाठवायच्या, मी त्यांची गोधडी करून थेट हॉस्टेलला धाडायची. पोरांना आईचं पांघरूण मिळायचं. साड्या सगळ्या विटलेल्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. लग्नातली साडी मात्र कोणी देत नसे. आमच्या भागात लग्नाच्या साडीला कात्री लागते ती बाई गेल्यावरच, आणि त्याची गोधडी होते लेकीसाठी. हे कुठं लिहिलेलं नाही, पण इकडच्या कुठल्याही पोरीला विचारा, तिला ठाऊक असतं.

म्हणून एप्रिलमध्ये कंधारचे एक पिठाच्या गिरणीवाले दादा स्वतः बोचकं घेऊन आले आणि गाठ सोडून त्यांनी डाळिंबी शालू सगळ्यात वर ठेवला, तेव्हा मी काय समजायचं ते समजले. शालूच्या पदरावर हळदीचा डाग होता, पार जुना. मी विचारलं, "कधी झालं, दादा?"

"दोन महिने झाले," ते म्हणाले. "पोटाचं दुखणं. हैदराबादला नेलं होतं, पण परत आणायची वेळ आली."

पत्ता लातूरच्या मुलींच्या हॉस्टेलचा होता. एकुलती एक लेक, परीक्षा तोंडावर. मी आपली सहज बोलले, की लेकरानं सावरलं का काही. त्यांनी खाली बघितलं. भुवयांत पीठ तसंच होतं.

"तिला सांगितलंच न्हाई, ताई."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. खालांच्या हातातली सुई थांबली.

"तिच्या मामानं ठरवलं. पेपर होईस्तोवर तोंडाला कुलूप. दोन वर्षं झिजलीय ती, आता कळलं तर सगळं पाण्यात जाईल. आई हैदराबादच्या दवाखान्यात हाय, तिथं फोन लावू देत न्हाईत, असं सांगितलंय. रोज संध्याकाळी विचारती, जेवली का आई. मी म्हणतो, जेवली."

"आणि मातीला?"

"अग्नी दिला तवा ती टेस्ट देऊन राहिली होती."

मी त्यांना काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही. बाप आहात का कोण, असंही बोलले बहुतेक. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मे महिन्याच्या पहिल्या रविवारी पेपर हाय. सोमवारी सकाळी ही गोधडी तिच्या हाती पडली पाहिजे. दुपारी मी तिला आणायला जाणार. तोंडानं सांगणं माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. ही बघितली की कळंल तिला."

म्हणजे आईच्या मरणाची बातमी मी कुरिअरनं पाठवायची होती. 

ऑर्डर घेऊ नये असं वाटत होतं. कारण मला हे कोणी शिकवायची गरज नव्हती. भूकंपाच्या वर्षी मी नांदेडला डी.एड.च्या हॉस्टेलात होते. आमचं गाव लातूरकडचं, त्या पट्ट्यातलं. आत्यानं निरोप धाडला की वडलांच्या पायाला लागलंय, सोलापूरला दवाखान्यात ठेवलंय, तुझे सराव पाठ होऊ दे, मग ये. मी आठ दिवस पाठ घेतले. फळ्यावर चित्रं काढली, मुलांकडून कविता म्हणून घेतल्या. वडलांना न्यायला म्हणून पेरू आणून ठेवले होते, ते ट्रंकेत पिकून गेले. नवव्या दिवशी मैत्रिणीनं सांगितलं, की ते पहिल्याच पहाटे ढिगाऱ्याखाली गेले. त्या आठ दिवसांत मी हसले होते, दोनदा नवीन रिबन लावली होती. आत्याशी मी पुढं कित्येक वर्षं नीट बोलले नाही. एवढं सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं, पण समोरचा माणूस शालूवरचं पीठ हातानं झटकून राहिला होता, आणि झटकायला जावं तर आणखी लागून राहिलं होतं. मी बोचकं ठेवून घेतलं.

खालांनी त्या गोधडीला टाके घातले. शालूला कात्री मीच लावली. पाच साड्या होत्या. शालूचा मोठा तुकडा मधे घेतला, बाकीच्या चारही कडांना.

आता चूक कुठं झाली ते सांगते. नांदेडहून लातूर एसटीनं चार तासांचं, पण कुरिअरचं पार्सल म्हणजे आधी हैदराबादला जाणार, तिथून पुण्याला, आणि मग हिंडत फिरत लातूरला. सहा दिवसांच्या आत एकही पार्सल तिथं पोचल्याचं मला माहीत नव्हतं. इकडं आम्ही सगळेच उशीर धरून चालतो. लग्नाची वेळ अकराची छापली तर साडेबाराला निघतो. सोमवारी पोचायला पाहिजे म्हणून मी आदल्या मंगळवारीच दिलं. स्वतः नेऊन द्यावं हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. नेहमीसारखी पन्नी, नेहमीसारखी घडी, आणि सगळ्यात ओळखीचा तुकडा वर. डाळिंबी, हळदीच्या डागासकट.

बुधवारी दुपारी मोबाइल वाजला. पार्सल लातूरला पोचलं होतं.

  पेपरला चार दिवस बाकी होते. कुरिअरच्या ऑफिसात फोन लावला, पार्सल थांबवा म्हटलं. ते म्हणाले, गाडीवर चढलं मॅडम. डिलिव्हरीवाल्याचा नंबर मिळवेपर्यंत दुसरा मेसेज आला: घेणाऱ्याने नकार दिला, पार्सल परत पाठवत आहोत.

नकार. तो शब्द वाचून मला इतकं बरं वाटलं की माझीच मला लाज वाटली. परीक्षेच्या आठवड्यात हॉस्टेलवाले कुठलंच पार्सल आत घेत नाहीत, मला अनुभव होता. तसंच झालं असणार. मी लगेच कंधारला फोन करून सांगितलं, "दादा, माझ्या चुकीनं पार्सल लवकर गेलं होतं, पण हॉस्टेलनं परत धाडलंय. तिच्यापर्यंत गेलं नाही." त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की मला इकडं ऐकू आला.

आणि मग त्या डिलिव्हरीवाल्याचा फोन लागला.

"हॉस्टेलनं न्हाई मॅडम," तो म्हणाला. "पोरगी स्वतः खाली आली होती. हातात घेतलं, उलटून पालटून बघितलं. मग म्हणाली मला घ्यायचं न्हाई. पेन मागून घेतला, सही केली अन् गेली वर."

"रडली का?"

"न्हाई. थँक्यू म्हणाली."

दोन दिवस मी कामाला हात लावला नाही. सगळ्या जगाला फोन लावून का घेतलं नाही म्हणून विचारणारी मी, आणि त्या पोरीचा नंबर पावतीवर समोर असताना मला लावता येईना. काय विचारणार होते? ओळखलंस का म्हणून? ओळखलं नसेल तर मीच सांगितल्यासारखं होणार. आणि ओळखलं असेल तर माझ्याकडं बोलायला काय होतं? खाला म्हणाल्या, एवढंसं लेकरू, घाईत असंल, रंग आवडला नसंल. मी त्यांच्यावर ओरडले. आईचा शालू आहे तो, रंग काय आवडायचाय त्यात. त्यांनी डोळ्याला पदर लावला.

शनिवारी दुपारी पार्सल परत आलं. या खेपेलाही वेळेच्या आधीच. मी हातावर तोललं, नेहमीच्या सवयीनं. चिकटपट्टी जशीच्या तशी, सही जागेवर. कोणी उघडलं नव्हतं. म्हणजे तिनं नुसतं वरवर बघून परत केलं असेल, असं मी मनाला समजावलं आणि पार्सल टेबलावर ठेवलं. खालांना मराठी वाचता येत नाही, पण नजर सुईची आहे. त्या म्हणाल्या, "बाई, चिठ्ठीवर काय तरी लिवलंय हो."

पत्त्याच्या चिठ्ठीखाली, जिथं परत करायचं कारण लिहायची रिकामी ओळ असते, तिथं निळ्या पेनानं बारीक अक्षर होतं. ओळीत मावलं नाही म्हणून कडेनं वळवून वरपर्यंत नेलेलं.

'काकू, मला कळलं हे बाबांना सांगू नका. त्यांना वाटतंय मला माहीत नाही, म्हणून ते उभे आहेत. आत्ता घेतली तर मी रडेन, आणि खोलीत आम्ही चौघी आहोत, चौघींचा पेपर आहे. सोमवारी ही बाबांच्याच हाती द्या. त्यांना एकट्याला येऊ देऊ नका.'

मी ते खालांना वाचून दाखवलं. सतरा-अठरा वर्षांची पोर. खाली आली, पन्नीतून आईचा शालू कापलेला बघितला, आणि डिलिव्हरीवाल्याकडं पेन मागितला. मी बापाला शिव्या घातल्या होत्या, मामाला घातल्या होत्या, आणि ज्या पन्नीचा मला एवढा अभिमान, तिनं भर दारात, परक्या माणसासमोर तिला सांगून टाकलं होतं. हे मी केलं होतं, दुसऱ्या कोणी नाही. तीन दिवस ती पोरगी हे घेऊन त्या खोलीत बसली होती, आणि तिकडं तिघी जणी तिच्या शेजारी जीवशास्त्र घोकत होत्या.

संध्याकाळी कंधारहून फोन आला. मी उचलावा की नाही, हेच कळेना. खालांनी मान हलवली, उचला म्हणून.

"आलं का ताई पार्सल परत?"

"आलं, दादा."

"उघडलेलं न्हाई ना?"

"नाही. माझी सही आहे तशीच आहे."

"मग झालं तर."

मी म्हटलं, "सोमवारी लातूरला मी पण येते तुमच्यासोबत. गोधडी पार्सल नाही करत. तुमच्याच हाती देते."

"कशाला ताई, तुम्हाला उगं तरास."

"येते म्हटलं ना."

 गिरणीचा पट्टा मागं फिरून राहिला होता, त्याचा आवाज येत होता.

"आत्ताच बोलणं झालं तिच्याशी," ते म्हणाले. "रोजच्यावानी विचारलं तिनं, आई जेवली का. मी म्हणलं, आज दोन घास जास्तीच जेवली. तर हसली बघा ताई. लई दिवसांनी हसली फोनवर."