काय गेलं तर रडाल?

त्या रविवारी जेवणं झाल्यावर शालननं पोळपाट उलटा घातला, त्यावर माझा फोन ठेवला आणि म्हणाली, "धरा." धरायचं म्हणजे फोनच्या कडेची दोन बटणं एकदम दाबून ठेवायची. तिची बोटं संधिवातानं आखडलेली, म्हणून हे काम माझ्याकडे. माझाही उजवा अंगठा पॉवर प्रेसखाली अर्धा गेलेला. दोघांचा मिळून एक धड हात व्हायचा.

"सोडू नका."

"किती वेळ?"

"मी सांगंपर्यंत. लग्नात भटजीनं पण हेच सांगितलं व्हतं, इसरला वाटतं."

फोन थरथरला आणि काळ्या पडद्यावर बारीक अक्षरांची यादी आली. सगळं पुसून टाकायची सोय त्याच यादीत असते. त्यावर बोट ठेवण्याआधी शालन प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायची. तोच तिनं मला विचारला. "काय गेलं तर रडाल? तेवढंच सांगा. बाकी पुसते."

"काय न्हाई. पूस," मी म्हणालो. मला झोप आली होती.

तिनं पुसला. तिचा स्वतःचा फोन सकाळीच पुसून झाला होता. सोमवारी सकाळी भाजीला फोडणी देता देता ती ओट्याला धरून खाली बसली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. दिवसातून चार-पाच वेळा ती मला बोलून निरोप पाठवायची. दूध संपलंय, येताना कोथिंबीर आणा, वाळलेली आणू नका. तीन वर्षांचा तो आवाज दोन्ही फोनांवरून गेला होता, आणि पुसायला मीच सांगितलं होतं.

शालन कोण हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. चिखलीवरून तळवड्याकडे जाताना आमच्या खोल्या आहेत, तिथल्या लोकांना मात्र विचारा. बावीस वर्षं तिनं भोसरीच्या एका कारखान्यात बारक्या तारा डाक देऊन जोडल्या. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्या बायका भजनी मंडळात गेल्या. ही गेली तळवड्याला सलीमच्या मोबाईल दुकानात, आपला मेलेला फोन घेऊन. सलीम म्हणाला, "काकू, इसमें कुछ नहीं बचा, नवा घ्या." ती म्हणाली, "तू उघड, मी बघते." तिथून जे सुरू झालं ते शेवटपर्यंत.

मी चौथी पास, मला कळलं तेवढं सांगतो. फोन बनवणारे दोन-तीन वर्षं त्याचे लाड करतात आणि मग त्याला वाऱ्यावर सोडतात. फोन धडधाकट असतो, पण म्हातारा ठरतो. शालन त्यातलं मूळचं सगळं काढायची आणि जगभरच्या हुशार रिकामटेकड्यांनी फुकट बनवलेलं दुसरं घालायची. त्याला रॉम म्हणतात. हे सगळं ती व्हिडिओ बघून शिकली. शिकवणारा पोरगा इंग्रजीत बोलायचा. शालनला इंग्रजी येत नव्हतं. "त्याची बोटं बघायची, तोंड कशाला बघायचं," म्हणायची.

काही लोक आळस करून जुनं न पुसता वरून नवं घालतात. ते तिला चालत नसे. "खरकट्यावर वाढायचं न्हाई. आधी ताट घासायचं." खरकट्यावर वाढलं की फोन सुरू होता होता बंद पडतो, परत सुरू होतो, परत बंद पडतो, पुढे काही सरकत नाही. आमच्या कामगार युनियनच्या बैठका अशाच चालायच्या. म्हणून पुसायचं ठरलेलं, आणि पुसण्याआधी तो प्रश्न ठरलेला.

त्या प्रश्नापुढे माणसं उघडी पडायची. बायका लगेच सांगायच्या, लेकीच्या बारशाचे फोटो, आईचा नंबर, अमकीचा लोणच्याचा व्हिडिओ. पुरुषांची मात्र मोठी पंचाईत. चाकणला टेम्पो घेऊन जाणारा आमचा राजू लाजत लाजत म्हणाला, "मावशी, एक फोल्डर हाय. बायकोला दिसू नये असं."

"ते मी जपत नसते. त्याच्यासाठी तू घरी जाऊन रड."

पण बहुतेक पुरुष म्हणायचे, काही नाही, पुसा. शालन मान डोलवायची, पण त्यांचं ऐकायची नाही. फोन हातात आला की ती आधी चाळून ठेवायची, माणूस कशावर सारखा बोट ठेवतो ते बघायची, आणि तेवढं एका बारक्या मेमरी कार्डावर उतरवून घ्यायची. ते कार्ड टिकल्यांच्या रिकाम्या पाकिटात जायचं, पाकिटावर नाव, आणि पाकीट तिच्या लोखंडी कपाटात. "बाप्या माणूस 'काय न्हाई' म्हणतो आन तिसऱ्या दिवशी नाक वढत येतो," हे तिचं मत. मी विचारायचो, "आन आलाच न्हाई तर?" "तर त्यानं खरं सांगितलं म्हणायचं. आजून तरी कुणी न्हाई सांगितलं."

आमचे जावईबापू हिंजवडीत कॉम्प्युटरवर बसतात, राहायला मारुंजीला. वर्षाला एक फोन घेतात आणि जुना आम्हाला दान करतात. सासूबाई फोन पुसतात हे कळल्यावर त्यांना घाम फुटला. "आई, चुकलं तर फोन ब्रिक होईल."

"म्हंजे?"

"वीट. वीट होतो. काही उपयोग नाही राहत."

"मग न्हाणीघराची एक निखळलीये, तिथं लावू."

मग प्रश्न विचारला. जावईबापू हसले. "आई, माझं सगळं क्लाउडवर असतं. खुशाल पुसा." तिसऱ्या दिवशी तेच जावईबापू कामावर दांडी मारून आमच्या दारात, चेहरा पडलेला. पोरीचं पहिलं पाऊल टाकतानाचं चित्रण कुठल्याच ढगात सापडेना. शालननं चहा दिला, कपाटातून टिकल्यांचं पाकीट काढलं, त्यांच्या हातावर ठेवलं. "हा घ्या तुमचा ढग." त्या दिवसापासून जावईबापू आमच्या घरात कॉम्प्युटरवर बोलत नाहीत. तेवढी शांतता तिनं मिळवून दिली.

माझ्याशी बोलायला मात्र तिला निरोपच पाठवावे लागायचे, कारण समोर बसून बोललं तर मी ऐकत नसे. निरोपही मी निम्मा ऐकून बंद करायचो. कोथिंबीर एवढं कळलं की पुरे. वाळलेली नको, हे पुढच्या निम्म्यात असायचं. मी वाळलेली आणायचो. उलट निरोप मी कधी पाठवला नाही. हां, माझा हा अर्धा अंगठा कुठंही पडायचा आणि खिशातल्या खिशात आवाज भरून आपोआप तिला जायचा. घरी आलो की ती म्हणायची, "आज काय, अर्धा तास खिसाच बोलत व्हता तुमचा." मी म्हणायचो, "पुसून टाक."

तेराव्यानंतर लेकीनं विचारलं, "बाबा, आईचे आवाज आहेत ना तुमच्याकडं? मला पाठवा. माझ्याकडं नुसते फोटोच आहेत." मी फोन तिच्या हातात दिला. ती वरून खाली, खालून वर बघत राहिली. घासून पालथ्या घातलेल्या ताटासारखा फोन. लेक म्हणाली, "आईनं तुम्हाला विचारलं नव्हतं का?"

"विचारलं व्हतं."

"मग?"

"काय न्हाई म्हणालो."

लेक काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. आईवर गेली आहे, पण तेवढ्याच एका बाबतीत नाही.

लेक मारुंजीला गेल्यावर मी कपाट उघडलं. पाकिटं नीट लावलेली होती. राजू टेम्पो. देशमुख वॉचमन. बेकरीवाली. सगळ्यांत मागं दोन पाकिटं होती. एकावर लिहिलं होतं, ह्यांचं. दुसऱ्यावर, माझं. ती माझं नाव घेत नसे, लिहीतही नसे.  म्हणजे माझंही तिनं ऐकलं नव्हतं. रविवारी सकाळी माझा फोन घेऊन ती दोन तास चाळत बसली होती आणि मी ओरडलो होतो, काय उकरतेस म्हणून.

नखाएवढं कार्ड माझ्या अंगठ्याला काही धरवत नाही. रिक्षा केली आणि सलीमकडं गेलो. त्यानं दुकानातलं गिऱ्हाईक बाजूला केलं, खुर्ची दिली आणि 'ह्यांचं' आधी लावलं.

बैलगाडा शर्यती. एकसष्ट. खेडच्या घाटातल्या, इकडच्या तिकडच्या, लोकांनी पाठवलेल्या, दिवसभर मी बघत बसायचो त्या. भिर्रर्र करत बैल धावत होते, धुरळा उडत होता, भोंग्यावर कुणीतरी घसा फोडत होतं. एकही जोडी सुटली नव्हती. शालनचा एकही निरोप त्यात नव्हता.

"काका," सलीम हळूच म्हणाला, "काकूंना वाटलं असेल की तुम्ही—"

"कळतंय मला. गप बस."

माणूस कशावर सारखा बोट ठेवतो ते ती बघायची. तिनं बघितलं. बैलांवर मी बोट ठेवत होतो. तिच्या आवाजावर ठेवायचो ते फक्त बंद करायला. तिचा हिशेब चुकला असं मला म्हणता येत नाही.

मग त्यानं 'माझं' लावलं. त्यात फोटो नव्हते, लेकीचं लग्नही नव्हतं. नुसते चौदा आवाज होते, आणि चौदाही माझ्याच फोनवरून गेलेले. सलीमनं एकेक वाजवला. चाकण चौकातले हॉर्न. माझं खोकणं. बसमध्ये कंडक्टरला मी घातलेल्या शिव्या, त्या सलीमनं आवाज कमी करून ऐकल्या. पारावर कुणाशी तरी बैलांची चर्चा. एकात साडेचार मिनिटं मी घोरतोय. जे मी पुसायला सांगितलं होतं ते सगळं तिनं जपलं होतं. तिनं स्वतःला प्रश्न विचारला होता आणि उत्तर दिलं होतं.

बारावा आवाज घरातला होता. भांडी घासल्याची खडखड, नळ, आणि बैलांचा भिर्रर्र, म्हणजे मी टीव्हीवर शर्यत बघतोय. मग लांबून, मोरीकडून, ती.

"आवं, ऐकताय का?"

नळ बंद झाला.

"ऐकताय का?"

पुढं काही नाही. भिर्रर्र, आणि संपलं.

सलीमनं विचारलं, परत लावू का. मी म्हणालो, लाव. त्यानं सात वेळा लावला. मग तो आवाज त्यानं माझ्या फोनवर घातला, लेकीला पाठवला, आणि कार्ड परत पाकिटात घालून माझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं. पैशाचं विचारलं तर हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. मोशीकडचा एक कामगार, रात्रपाळी करून थेट आलेला, हातात तडा गेलेला फोन. शालन गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. म्हणाला, "काकू आहेत का? हा पुसून त्यात नवं घालून द्यायचंय."

"काकू न्हाईत. वारल्या. बस. मी तळवड्याला नेऊन करून आणतो."

तो घाबरून उठायला लागला. मी खांद्याला धरून बसवला. पोळपाट घेतला, उलटा घातला, त्यावर त्याचा फोन ठेवला.

"काय गेलं तर रडशील?"

तो माझ्याकडं बघायला लागला. मग म्हणाला, "काय न्हाई काका. पुसा खुशाल."

"चहा टाकतो. चहा होईस्तोवर नीट आठव."

मी चहा टाकला. उकळी आली, दुसरी आली, चहा आटून काळा झाला. तो खाली मान घालून फोन चाळत होता. मी गॅस बंद केला नाही.