मागची भिंत

शाळा चालवायला लागलं की पैसे जमत नाहीत, किस्से मात्र जमतात. सांगायला बसले की लोक हसतात. हसा बापडे. मला हसू येत नाही, संताप येतो, म्हणून तर सांगते.

आमची शाळा पोलादपूरकडे, उमरठच्या वरच्या अंगाला. चार खोल्यांची. पुढे अंगण, मागे लगेच डोंगर. प्रत्येक वर्गात दार आणि फळा अंगणाच्या बाजूला आणि शेवटची बाकं डोंगराकडच्या भिंतीला टेकलेली. त्या भिंतीला आडवी भेग गेलीय. तळीये गाव दरडीखाली गेलं तेव्हापासून इथल्या कुठल्याही आईला मी वेगळं काही सांगायला नको. डोंगर आणि शाळा यांच्या मधे एक दणकट संरक्षक भिंत हवी. मी मुख्याध्यापिका झाले तेव्हापासून एवढं एकच मागतेय. बाकी सगळं मिळालं.

*

उदाहरणार्थ, दप्तरं. जून उजाडला की मुंबई-पुण्याचे ग्रुप दप्तरं घेऊन येतात. गाड्या लावतात, वाटतात, फोटो काढतात, शिवथरघळ बघून परत जातात. आमच्या पोरांकडे इतकी दप्तरं झालीत की वरच्या वाडीत एका आजीने त्यात पेंड भरून ठेवलीय. "चेन हाय ना बाई, उंदीर नाय शिरत," म्हणाली.

गेल्या खेपेला एका ग्रुपच्या ताईंचा आदल्या दिवशी फोन. "मॅडम, उद्या मुलांना दप्तर आणू नका म्हणून सांगाल का? आणि चपला बाहेर, जरा लांब ठेवल्या तर बरं."

म्हटलं, "का हो?"

"फोटोत दिसतात ना."

मी म्हटलं, "ताई, दप्तरं नकोत, त्या पैशात भिंतीसाठी चार पाट्या खडी तरी टाका."

तर म्हणतात, "खडी देताना मुलांचे चेहरे कसे येणार?"

*

मग आमचं मुंबई मंडळ. गावचीच माणसं, वाईट नाहीत. शिमग्याला गावात येतात, देवळात मीटिंग भरते, आणि शाळेचा विषय निघतोच. मी दरवर्षी पदर खोचून भिंतीचं सांगते. सगळे माना डोलावतात.

एका वर्षी खरंच पैसे जमले. मे महिन्यात गवंडी आले, वाळू आली, मला तर रडू यायचं बाकी होतं. बघते तर काम अंगणाच्या पुढे सुरू! कमान. शाळेपेक्षा उंच, वर दोन हत्ती, आणि दोन्ही खांबांवर देणगीदारांची नावं.

आमचे आबा, ज्यांनी शाळेला जागा दिली, ते संस्थेचे अध्यक्ष आहेत. त्यांनी मंडळाच्या सेक्रेटरीला धरलं. "काय रे, भिंत ठरली होती ना?"

सेक्रेटरी शांतपणे म्हणाला, "आबा, भिंत मागं. मागं नाव लावून वाचणार कोण? गुरं?"

आबा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जसं काही हत्ती मीच बसवले होते.

*

सरकारी साहेबांचंही ऐका. अर्ज करून करून एक इंजिनियर साहेब आले एकदाचे. फेब्रुवारीत. कडक ऊन, डोंगर कोरडा खडखडीत. भेगेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ही भिंतीची नाही, प्लास्टरची भेग आहे."

मी म्हटलं, "साहेब, जुलैत या. पाणी कसं झिरपतं ते बघा. माती खाली सरकते, पागोळ्या पडतात तिथपर्यंत येते."

"जुलैत कसा येणार मॅडम? पावसात तुमचा घाट धोक्याचा असतो."

गाडीत बसले आणि काच वर केली. मी कमानीखाली उभी राहून हत्तींकडे बघत बसले. दुसरं काय करणार?

*

पण माझं डोकं सगळ्यात जास्त फिरवलं ते एका कंपनीच्या पोरीने. सीएसआरवाली. हुशार, गोड बोलणारी, लॅपटॉप घेऊन आलेली. मला वाटलं, हिला कळेल.

"मॅडम, भिंत बांधली तर इम्पॅक्ट काय होईल?"

"म्हणजे?"

"म्हणजे बांधल्यानंतर काय होईल?"

मी म्हटलं, "काही होणार नाही. काही होऊ नये म्हणूनच बांधायची आहे."

तिने टाइप करायचं थांबवलं. "मग मी रिपोर्टमध्ये काय लिहू?"

महिन्याभराने तिच्या कंपनीकडून कॉम्प्युटर आले. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट किती वेळ असते ते मी इथे सांगत नाही, तोंडून शिवी जाईल. कॉम्प्युटर आम्ही दाराजवळ ठेवलेत, प्लास्टिक गुंडाळून. मागे ओल येते ना.

*

आणि आता हा पंधरा ऑगस्टचा.

पाहुणे म्हणून महाडकडचे एक बडे कारखानदार आले होते. आबांनीच आणलं होतं, मोठ्या आशेने. माणूस भला, देण्याची दानत असलेला. "काय लागेल ते सांगा," असं फोनवर स्वतः म्हणालेले. सकाळपासून धो धो पाऊस. झेंडावंदन कसंबसं उरकलं आणि कार्यक्रम सातवीच्या वर्गात घ्यायचा ठरला.

साहेबांचा माणूस पुढे आला, वर्ग बघितला आणि खूश झाला. सगळी पोरं पुढे फळ्याजवळ दाटीवाटीने बसलेली, काही तर एकमेकांच्या मांडीवर. मागे सगळं रिकामं. "एवढी जागा आहे की," म्हणत त्याने रिकामी बाकं बाजूला सरकवली आणि साहेबांची खुर्ची मागच्या भिंतीला लावली. मी तोंड उघडणार तेवढ्यात आबांनी मला डोळ्यांनी गप्प केलं. पोरांना मागे तोंड करून बसायला सांगितलं.

साहेब बसले. पोरांकडे कौतुकाने बघितलं. पहिल्याच रांगेत वरच्या वाडीची सायली होती. तिला म्हणाले, "अगं, एवढ्या लांब का बसलात सगळे? या इकडे, जवळ या."

कुणी हललं नाही.

"घाबरता काय मला?"

सायली उभी राहिली. आम्ही शिकवलंय तसे हात मागे बांधून. "तुमाला नाय साहेब. पाऊस लागला की तिकडं बसत नाय आमी."

"का गं?"

"डोंगर हाय ना मागं."

साहेबांनी मान वळवली. भेगेतून पाण्याची बारीक धार त्यांच्या खुर्चीच्या पायापर्यंत आली होती. ते उठले. स्वतःची खुर्ची स्वतः उचलली, पोरांमधून वाट काढत दाराकडे गेले आणि तिथेही न थांबता बाहेर ओट्यावर.

भाषण त्यांनी तिथूनच केलं. त्यांच्या माणसाने वर छत्री धरली होती. आत पोरं पुन्हा वळून बसली, दाराकडे तोंड करून.

"विद्यार्थी मित्रांनो," साहेब म्हणाले, "आयुष्यात कितीही मोठं संकट येऊ दे, आपली जागा सोडायची नाही."

पोरांनी टाळ्या वाजवल्या.